दवाखान्याच्या किल्ल्या

४ फेब्रुवारी

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र का, हे तुम्ही विचारणार नाही. मागच्या वेळी मी आरोग्य समितीची अध्यक्ष झाले असं ओरडून सांगत होते आणि तुम्ही मला सर्दीवर वाफ घ्यायला सांगत होतात. तेव्हापासून ठरवलं, काकांना महत्त्वाचं सांगायचं ते कागदावरच.

इकडे सगळे बरे आहेत. दुकान ठीक चाललंय. नगरसेविका झाल्यापासून लोक चष्मा घ्यायला कमी आणि गटाराची तक्रार सांगायला जास्त येतात. परवा एक आजोबा अक्षरांच्या तक्त्यासमोर बसले, एक डोळा झाकला आणि वरची ओळ वाचायच्या ऐवजी नळाला पाणी किती कमी येतं ते सांगत राहिले. मीही ऐकत राहिले. नंबर काढायचा राहूनच गेला. तुमचा नवा चष्मा तयार आहे, सोबत पाठवते. कृपा करून किल्ल्यांच्या खिशात ठेवू नका.

आता खरं कारण. आपला सार्वजनिक दवाखाना तुम्हाला आठवतो तसाच आहे. तेच हिरवे बाक, तोच डुगडुगणारा वजनकाटा. फक्त छत आता गळतं आणि मागची खोली बंद ठेवावी लागते. नगरपालिकेकडे दुरुस्तीला पैसे नाहीत. अशात बटणकाकांनी प्रस्ताव पाठवलाय. तुमचे बालमित्र बटण! दवाखाना ते पूर्ण नवा बांधून देणार. वर आणखी एक मजला, नवी यंत्रं, दोन जादा डॉक्टर. बदल्यात दवाखाना त्यांच्या न्यासाकडे सोपवायचा. डॉक्टर कोण, वेळा काय, कोणाला फुकट औषध द्यायचं आणि कोणाला नाही, हे त्यांचा न्यास ठरवणार. दारावर त्यांच्या आईचं नाव लागणार.

समितीतले निम्मे म्हणतात, आंधळा मागतो एक डोळा अशी आपली गत आणि इथे तर दोन मिळताहेत, मग हरकत कसली. बाकीचे निम्मे गप्प आहेत, पण कपाळाला आठ्या घालून गप्प आहेत. समसमान मतं पडली तर निर्णय माझ्या मतावर. बटणकाका वाईट आहेत का? मुळीच नाही. लहानपणी त्यांच्या खिशातली शिंपल्यांची बटणं मी मोत्यांसारखी जपली आहेत. तरी सही करायला हात धजत नाही, आणि का धजत नाही तेही नीट सांगता येत नाही. बाबा असते तर त्यांच्याशी भांडून तरी मोकळी झाले असते.

तुम्ही सांगाल ते मी करीन. सभा मार्चच्या मध्यावर आहे. तुमचा हात पाठीवर आहे म्हणूनच असल्या उचापतींची हिंमत होते, तो तसाच असू द्या.

तुमची,
ठकू


११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उ. आ.

चष्मा मिळाला. आता समोरच्या इमारतीतली बाई तव्यावर काय करते तेही दिसतं. माझी लेक म्हणते, बाबा, खिडकीपासून लांब बसा.

तू म्हणतेस, मी सांगेन ते करशील. म्हणून तर मी काहीच सांगणार नाही. तुझ्या गल्लीने मत तुला दिलंय, चौथ्या मजल्यावर बसलेल्या निवृत्त मास्तराला नव्हे. पण जुन्या आठवणी सांगायला कोणी मना केलेलं नाही, आणि तुझ्या पत्रानं त्या अशा काही वर आल्या की दोन दिवस मी त्यांच्यातच वावरतोय.

आमच्या लहानपणी दवाखाना नव्हता. होती ती बाईसाहेबांची कोठी. मागच्या अंगणात आठवड्यातून एकदा दूध आणि औषध मिळायचं. आम्ही रांगेत उभे असायचो. माझ्या कडेवर तुझे बाबा, मागे बटण. दूध मिळण्याआधी बाईसाहेबांच्या घराण्याच्या स्तुतीचं एक गाणं म्हणावं लागे. मोठ्यांदा गाणाऱ्याचा पेला जास्त भरतात अशी बटणची पक्की समजूत, त्यामुळे तो घसा फाटेस्तोवर गायचा. मला त्या सकाळी अजून आवडतात, हे कबूल करायला हवं. थंडीतलं कोवळं ऊन, तांब्याच्या पातेल्यांचा आवाज, आणि बाईसाहेब सज्जात उभ्या. मनाने खरोखर मोठी बाई. आम्हाला बघून तिचे डोळे भरून यायचे.

पण खाली अंगणात तिचा कारभारी असायचा. रांगेतला कोण लायक, कोण नालायक ते तो ठरवायचा. बटणची आई तेव्हा शिंप्यांच्या कोटांना घरी बसून बटणं लावायची. बटण हे नाव त्यावरूनच पडलं. तिने एकदा कारभाऱ्याला विचारलं, की दूध एवढं पातळ कसं हो. नुसतं विचारलं, भांडण नाही की काही नाही. पुढच्या आठवड्यात तिचं नाव पुकारलं गेलं नाही. त्यापुढेही नाही. कोणी तिला रागावलं नाही, हाकलून दिलं नाही. नाव पुकारलं गेलं नाही, एवढंच. दाद मागायची तर कोणाकडे? सज्जातल्या बाईसाहेबांना हे कधी कळलंही नसेल.

मग काही वर्षांनी दवाखाना निघाला. तुझ्या बाबांना ताप भरला म्हणून आमचे वडील घेऊन गेले, मी बरोबर होतो. वडील कल्हईवाले, हात कायम काळे. आत शिरताच त्यांनी टोपी काढली आणि भिंतीला लागून उभे राहिले. परिचारिका म्हणाली, बसा. ते म्हणाले, उभाच बरा आहे. ती पुन्हा म्हणाली, अहो बाक बसायलाच ठेवलाय. तेव्हा बसले, तेही बाकाच्या अगदी कडेला, कोणी हरकत घेतली तर चटकन उठता यावं म्हणून. कोणी हरकत घेतली नाही. गाणं म्हणावं लागलं नाही. परत येताना वाटभर ते दुसरं काही बोलले नाहीत. मला बसा म्हणाली, एवढंच घोळवत राहिले.

तो बाक आला कुठून, याचा शोध मी पुढे मास्तर झाल्यावर पुस्तकांत घेतला. तू माझ्या वर्गात होतीस, पण तेव्हा खिडकीबाहेर बघायचीस, म्हणून पुन्हा सांगतो. दोनतीनशे वर्षांमागे काही माणसांनी एक साधा प्रश्न विचारला, की राजाला राज्य करायचा अधिकार दिला कोणी? तोवर उत्तर ठरलेलं होतं, वरून आला. ही माणसं म्हणाली, वरून नाही, खालून आलाय. आपण सगळ्यांनी मिळून एकमेकांशी करार केलाय आणि राजा हा आपण ठेवलेला रखवालदार आहे. नीट राखत नसेल तर बदलायचा. एकाने त्यात भर घातली, की कायदा करणारा, कायदा चालवणारा आणि निवाडा करणारा हे एकच माणूस असता कामा नये, मग तो कितीही भला असो. कोणी ही पुस्तकं नाव न घालता छापली, कोणाला देश सोडून पळावं लागलं, कोणाची पुस्तकं चौकात जाळली. आणि मग त्यातल्याच काहींच्या लक्षात आलं, की सगळे जन्मतः सारखे असतील तर कोणी उपाशी, आजारी, म्हातारा होऊन रस्त्यावर पडला तर ते काही फक्त त्याचं नशीब नव्हे. म्हातारपणी प्रत्येकाला सगळ्यांच्या तिजोरीतून काही मिळावं, आणि ते भीक म्हणून नव्हे तर त्याचा वाटा म्हणून, असं कोणीतरी तेव्हाच लिहून ठेवलं. लोक हसले. प्रत्यक्षात यायला शंभरावर वर्षं गेली. मला दरमहा पेन्शन येतं, तेव्हा मी त्या हसणाऱ्यांना मनातल्या मनात नमस्कार करतो.

त्यांना देव मात्र करू नकोस. माणूस माणूस म्हणून गजर करणाऱ्यांच्या त्या शब्दात बायका बहुधा नव्हत्या, गुलाम नव्हते, काळ्या हातांचा कल्हईवालाही नव्हता. पण त्यांनी दार किलकिलं केलं आणि बाकीचे धक्के मारत आत आले. तू आज अध्यक्ष आहेस ती त्या धक्क्यांमुळे.

झालं, तास संपला. जे ठरवशील ते तुझं. खोकला असेल तर वाफ घेच. इथून रोज तुझी आठवण निघते, तिकडे उचकी लागली तर दोष मला दे.

तुझा,
काका


२० फेब्रुवारी

प्रिय मास्तर,
स. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. सही सोडून दुसरं काही लिहायची सवय गेली. टंकलेखकाला सांगितलं असतं, पण हे पत्र त्याने वाचावं असं नाही.

तुझी पुतणी माझ्या देणगीकडे भिंग लावून बघते आहे म्हणे. कळलं सगळं. गाव लहान आहे, आणि नगरपालिकेचा शिपाई माझ्या कारखान्यातल्या मुकादमाचा साडू. मी चोर आहे का, मास्तर? आयुष्यभर बटणं विकली, आता हातपाय थकले, वाटलं आईच्या नावाने काही करून जावं. तर मला अटी विचारतात!

मला माहीत आहे तू तिला बाकाची गोष्ट सांगितली असशील. शाळेत दर वर्षी सांगायचास, अर्ध्या गावाला पाठ आहे. आता माझी ऐक. ही मी कोणाला सांगितलेली नाही. तू तेव्हा शिकायला बाहेरगावी होतास. आईला दम लागला. मी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. सुट्टी होती. दार उघडं होतं, बाक मांडलेले होते, पण आत डॉक्टर नाही. खिडकीतून कंपाउंडर म्हणाला, परवा या. मी म्हटलं, हिला श्वास घेता येत नाही. तो म्हणाला, माझ्या हातात काही नाही, नियम आहे. वाईट माणूस नव्हता, त्याचंही तोंड उतरलं होतं. आई त्या हिरव्या बाकावर बसली आणि बसल्याबसल्या गेली. तुझ्या वडिलांना ज्यावर मानाने बसवलं, त्याच बाकावर.

बाईसाहेबांच्या कारभाऱ्याला मी अजून शिव्या देतो. पण कोणी कोसळलं असं कानावर गेलं की बाई स्वतःची गाडी पाठवायच्या, हे तुलाही माहीत आहे. दयेला डोळे असतात रे. नियमाला नसतात. मला असा दवाखाना हवा की जिथे सुट्टीच्या दिवशीही कोणीतरी मालक म्हणून जबाबदार असेल. सगळ्यांचं जे असतं ते कोणाचंच नसतं, हे मी कारखान्याच्या नळावर रोज बघतो.

पुतणीला दोन शब्द सांग. तुझं ऐकते ती. तुझ्या वहिनीने तुला नमस्कार सांगितलाय आणि गुडघ्याला तेल लावतोस का विचारलंय. मी विचारत नाही, मला राग आलाय. तरी मैत्री आहे तिथेच आहे, ती कुठे जात नाही.

बटण


२७ फेब्रुवारी

प्रिय बटण,
स. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चहा गार झाला. तुझ्या आईच्या हातची सुई माझ्या डोळ्यांसमोर होती. दोरा तोडताना ती मान जराशी तिरकी करायची, आठवतं? आणि तिच्या ओट्यावर बसून आपण रंगांप्रमाणे बटणं वेगळी करायचो. तू शिंपल्यांची तेवढी ढापायचास. इतकी वर्षं तू हे एकट्याने उरावर वागवलंस.

तुझं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. नियमाला डोळे नसतात हे खरं आहे. ज्यांनी हे विचार मांडले त्यांतल्या बऱ्याच जणांना वाटलं होतं, की चांगला कायदा केला की काम झालं. तसं होत नाही. मी नागरिकशास्त्र शिकवलं खरं, पण खिडकीतून परवा या म्हणणाऱ्या माणसाचा धडा त्या पुस्तकात नव्हता.

तरी दोन गोष्टी माझ्या मनातून जात नाहीत. रागावलेलाच आहेस तर ऐकून घे. दूध पातळ का, हे विचारल्यावर तुझ्या आईचं नाव गळलं. ते परत लावून घ्यायला या जगात एक खिडकी नव्हती. दवाखान्याच्या नियमाने तिचा जीव घेतला, पण तो नियम आपला आहे. तो बदला असं आपण म्हणू शकत होतो. कोणी म्हटलं नाही, ते आपलं चुकलं, पण म्हणायची जागा होती.

आणि दुसरं. तू आहेस तोवर दवाखान्याला डोळे असतील, मला शंका नाही. पण तुझ्यानंतर किल्ल्या कोणाकडे जातील? तुझा मुलगा वाईट नाही. पण कारखान्याच्या म्हाताऱ्या दरवानाला त्याने घरी बसवलं, कारण काय तर गाडी आत शिरताना तो उठून उभा राहिला नाही, हे तूच मला मान खाली घालून सांगितलं होतंस. उद्या रांगेत कोणी दूध पातळ का असं त्याला विचारलं तर?

पुतणीला मी काही सांगणार नाही, तुझ्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. पण तुझी हरकत नसेल तर तुझ्या आईची ही हकिगत तिला कळवावी असं वाटतं. मत देणाऱ्याला दोन्ही बाक माहीत असावेत.

वहिनींना सांग, तेल लावतो, पण गुडघ्याला ते माहीत नसावं. भांड हवं तेवढं, फक्त लिहायचं थांबवू नकोस.

तुझा,
मास्तर


४ मार्च (कार्ड)

मास्तर, कळव तिला. रडकं करून लिहू नकोस. माझ्या मुलाचं नाव काढायची गरज नव्हती.
बटण


१९ मार्च

ती. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

सभा झाली. 

बटणकाका स्वतः आले होते. तो त्यांचा गडद कोट, ज्याची सगळी बटणं अजून जागच्या जागी आहेत. सभागृहात खुर्च्या कमी पडल्या, लोक दारात उभे. ध्वनिक्षेपक नेहमीप्रमाणे ऐन वेळी रुसला, त्यामुळे सगळ्यांना ओरडून बोलावं लागलं. त्यामुळे साधं बोलणंही भांडणासारखं वाटत होतं.

तुम्ही कळवलेली बटणकाकांच्या आईची हकिगत मी आठवडाभर मनात घोळवली होती. दोनदा दवाखान्यात जाऊन त्या बाकावर बसून आले. मग प्रस्ताव लिहिला आणि उभी राहून वाचला. देणगी आनंदाने घ्यावी, पण ती नगराच्या तिजोरीत जावी. दवाखाना सार्वजनिकच राहावा. सुट्टीच्या दिवशीही एक डॉक्टर आणि एक परिचारिका असावीच. आणि दवाखान्यात येणाऱ्या लोकांनी आपल्यातून एक रुग्णसमिती निवडावी. तक्रारी तिने ऐकाव्यात, औषध कोणाला नाकारलं तर जाब तिने विचारावा. या अटींवर देणगी मिळणार नसेल तर घरपट्टी थोडी वाढवावी. घरपट्टी म्हटल्याबरोबर दारातली माणसं अशी काही कुजबुजली, जणू मी त्यांच्या घरात हात घातला.

बटणकाकांनी एकच विचारलं, की दारावर नाव? मी म्हटलं, आत एका खोलीला त्यांच्या आईचं नाव देऊ, सुट्टीच्या दिवशीच्या खोलीला. पण दारावर नाही आणि किल्ल्याही नाहीत. काका, त्यांचा चेहरा मला बघवला नाही. ते म्हणाले, तू माझ्या मांडीवर वाढलीस. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मग हा मजला होणार नाही. टोपी घातली आणि निघाले. दारातल्या लोकांनी त्यांना वाट करून दिली.

मतं समसमान पडली. मी माझं मत माझ्या प्रस्तावाच्या बाजूने टाकलं.

तुम्ही विचाराल, कशाच्या जोरावर. माझ्या मनात एवढंच आलं, की मी घरपट्टी वाढवली ती पुढच्या वर्षी लोकांना कमी करता येईल. मला घरी बसवता येईल. आज रुग्णसमिती केली, ती उद्या मोडताही येईल. पण किल्ल्या एकदा दिल्या की परत मागायला आमच्या हातात काही उरत नाही. जे परत घेता येत नाही ते लोकांच्या वतीने देऊन टाकायचा मला अधिकार नव्हता. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. सभेच्या दुसऱ्याच दिवशी वळवाची सर आली आणि दवाखान्यात बादल्या ठेवाव्या लागल्या. नवं छत व्हायचं ते माझ्यामुळे राहिलं, असं एकजण तोंडावर म्हणाला. दुकानात दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मी चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा पुसत बसले आणि मनसोक्त रडले.

तुम्ही त्यांना लिहा ना. माझ्याशी ते बोलत नाहीत. इथे सध्या मला रागावणारे पुष्कळ आहेत, तेव्हा तुमच्याकडून नुसती माया पाठवा.

तुमची,
ठकू


१० एप्रिल

चि. ठकूस,
अनेक उ. आ.

बटणला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही. आमच्या साठ वर्षांच्या मैत्रीत तो रुसला पुष्कळदा, पण दुसऱ्या दिवशी दारात येऊन शीळ घालायचा. आता इतक्या लांबून शीळ ऐकू यायची नाही, आणि आली तरी माझे कान तिचं काय करतील देव जाणे.

तुझा प्रस्ताव मी चारचारदा वाचला. जुन्या पुस्तकांत तो शोधत होतो, तसा सापडला नाही. सुट्टीच्या दिवशीची खोली त्यांच्यापैकी कोणाला सुचली नव्हती. बरोबर केलंस का, हे मीही सांगू शकत नाही. एका बाजूला माझा मित्र आहे. पण तुझ्या वडिलांनी तुला जवळ घेतलं असतं, एवढं ठामपणे सांगतो.

हल्ली दुपारी डोळा लागला की शाळेचा रस्ता दिसतो. बटण पुढे, खिसे खुळखुळत, मी मागे. कुठे पोचायचं असतं ते कळत नाही. पण बरं वाटतं.

बादल्या बदलत राहा. इकडून माया निघाली आहे, पोस्टाने उशीर केला तर समजून घे.

काका


२३ ऑगस्ट

प्रिय मास्तर,
स. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर दिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. बस, आणि नवा चष्मा लाव.

मार्चनंतर मी कोणाशीच धड बोललो नाही. तुझ्या वहिनीशीही नाही, म्हणजे बघ. मग मे महिन्यात दवाखान्याच्या दाराला कागद डकवला गेला, की रुग्णसमितीची निवडणूक आहे, ज्याच्याकडे दवाखान्याचं कार्ड आहे त्याने उभं राहावं. मला वाटलं, ठीक आहे! किल्ल्या देत नाहीत ना, मग निवडून येऊन घेतो. मी जाऊन कार्ड काढलं. परिचारिकेने वय विचारलं, धंदा विचारला, आणि मी बटणं म्हटल्यावर ती म्हणाली, नीट सांगा. वजन केलं. ते सांगत नाही.

उमेदवार म्हणून मी फिरलो, मास्तर. या वयात, या गुडघ्यांनी. कारखान्याच्या मागच्या चाळीत मी आयुष्यात कधी शिरलो नव्हतो. लोकांनी चहा दिला. माझ्यासमोर कोणी काही वाकडं बोललं नाही. मी खूश. मुकादम म्हणाला, मालक, एकही मत दुसरीकडे जात नाही.

पडलो. नुसता पडलो नाही, सपाटून पडलो. निवडून कोण आलं? एक बसवाहक, एक धुणीभांडी करणारी बाई, आणि एक सुतार. तो सुतार माझ्याकडेच कामाला होता. तुझी पुतणी मोजणीला हजर होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे बघितलं नाही. दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो, आणि ते बंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खोकला झाला. वहिनी म्हणाली मोठ्या डॉक्टरला बोलावू. मी हट्टाने दवाखान्यात गेलो. नंबर घेतला आणि बाकावर बसलो. किती वर्षांनी बसलो ते तुला माहीत आहे. शेजारी एक बाई होती, मांडीवर तान्हं मूल. माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्ही बटणवाले ना? मी म्हटलं हो. ती म्हणाली, मी तुम्हाला मत दिलं नाही.

मास्तर, असं सहज म्हणाली, जसं पाऊस येईलसं वाटतं म्हणावं. मी विचारलं, का नाही दिलं. ती म्हणाली, तुम्ही भले आहात, पण तुम्ही आलात की आमची माणसं उठून उभी राहतात. तक्रार सांगायला आम्हाला बसून ऐकणारं माणूस पाहिजे. मग मूल रडलं आणि तिने ते माझ्या हातात दिलं, कारण तिचा नंबर पुकारला होता आणि तिला पदर नीट करायचा होता. ज्याला मत दिलं नाही त्याच्याच हातात! मी घेतलं. त्याने माझ्या कोटाचं बटण तोंडात घातलं.

चांगलं वाटलं असं खोटं लिहीत नाही. फार वाईट वाटलं. कारखान्यात इतक्या वर्षांत मला कोणी तोंडावर नाही म्हटलेलं नाही. पण ती बाई घाबरली नव्हती रे. तिला औषध मिळणारच होतं, मी रागावलो तरी, न रागावलो तरी. हे मी बाकावर बसल्याबसल्या कितीतरी वेळ मनात उलटसुलट करत राहिलो. घरी आलो, जेवलो, आणि मग एकदम हसू फुटलं. वहिनी घाबरली.

परवा तुझ्या पुतणीच्या दुकानात गेलो. नंबर वाढलाय म्हणाली. मग फ्रेम निवडायला तिने उगाच तासभर लावला. मजल्याचं अजून ठरवलेलं नाही, तिला काही लिहू नकोस. दरवानाला मात्र मी परत बोलावलंय. मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता. चालायचंच.

आता कामाचं. रुग्णसमितीची मुदत दोन वर्षांची आहे. मी पुन्हा उभा राहणार. चाळीत बसायला शिकतोय, जमिनीवर बसलो की उठता येत नाही, म्हणून एक पाट बरोबर नेतो. लोक हसतात, हसू देत. पण मला भाषण येत नाही. तू ये, आणि मला लिहून दे. त्या तुझ्या जुन्या लोकांचं फार घालू नकोस, तिथे बसवाहक आहे, त्याला सगळं आधीच माहीत आहे. खोली झाडून ठेवली आहे, वहिनीने तेलाची बाटली काढून ठेवली आहे. येतोस ना?

वाट बघतो. स्टेशनवर शीळ घालीन, ऐकू आली नाही तर हात हलवीन.

तुझा,
पडेल उमेदवार
बटण